मालिका न पाहिलेली नीवेस

नीवेस बोनोरा हिला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अख्खं फेर्रारा गाव दोन गोष्टींसाठी ओळखत होतं. एक म्हणजे, तिच्या दुकानातून भाड्यानं घेतलेली सायकल कुलूप न लावता उभी दिसली की ती भर चौकात गिऱ्हाइकाची हजेरी घेई. दुसरी म्हणजे, ज्या मालिकेतल्या जागा ती पाहुण्यांना सायकलवरून दाखवत हिंडे, ती मालिका तिनं एक मिनिटही पाहिली नव्हती.

मालिका होती लिव्हिया नावाच्या औषधवालीची. ही बाई दुकान टाकून दिवसभर सायकलवरून खून उकलत फिरते. दोन वर्षांपूर्वी ती टीव्हीवर आली आणि गावात पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाला सायकल हवी आणि प्रत्येकाला लिव्हियाच्या वाटेनंच जायचं. नीवेसनं वारं ओळखलं. प्रेत कुठल्या कमानीखाली सापडलं, सुरा कुठल्या खंदकात टाकला, हे सगळं शेजारचा न्हावी एर्मेस तिला सांगे. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तो तिच्या दुकानात येई आणि एक अख्खा भाग सांगून परत जाई. साबण तोवर वाळलेला असे.

"एकदा बघून तरी घे," तो म्हणे. "पुस्तक न उघडता शिकवणी घेतेस तू."

"बघून काय करू? किल्ल्यापाशी वळते आणि तटबंदीवर निघते, असं तूच सांगितलंस ना? मधला दीड किलोमीटर काय पुडीत बांधून नेला? असल्या बाईच्या तपासावर माझा विश्वास नाही."

खरं कारण एर्मेसला ठाऊक होतं, आणि गावालाही. दर भागात लिव्हिया ज्या हिरव्या दारातून बाहेर पडते, ते दार नीवेसच्या धाकट्या बहिणीचं, योलेचं होतं. आणि योलेशी नीवेसनं अकरा वर्षं अबोला धरला होता.

भांडण सायकलवरून. या गावात दुसरं कशावरून होणार? त्यांच्या आईनं एका काळ्या सायकलवरून पन्नास वर्षं लोकांचे धुतलेले कपडे घरोघर पोचवले. ती गेल्यावर दोघींनी ती सायकल महिना-महिना वाटून घेतली. योलेच्या महिन्यात, धुक्याच्या एका सकाळी, ती बाजाराबाहेरून नाहीशी झाली. योले म्हणाली, मी कुलूप लावलं होतं. नीवेस म्हणाली, लावलं असतंस तर सायकल जागेवर असती. आधी योले रडली, मग चिडली, आणि मग दोघी गप्प झाल्या. आईची सायकल गेल्याचं दुःख नीवेसला होतंच. पण आपलं बरोबर होतं याचं सुख त्याहून मोठं असावं, कारण जपलं तिनं ते जास्त.

म्हणून हिरव्या दाराची पाळी आली की नीवेस योलेच्या कमानींच्या गल्लीत शिरायचीच नाही. दोन गल्ल्या अलीकडे एका दातांच्या डॉक्टराचं दार हिरवं होतं. त्याच्यापुढे ती पाहुण्यांचे फोटो काढून द्यायची. वैतागून डॉक्टरानं पाटी लावली, 'लिव्हिया इथे राहत नाही.' नीवेसनं पाहुण्यांना सांगितलं, ही पाटी मालिकावाल्यांचीच, गर्दी टळावी म्हणून.

हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग ऑक्टोबरात त्रिएस्तेहून फुल्विया आली. निवृत्त गणित-शिक्षिका, मागे एक गप्प नवरा आणि सायकलच्या टोपलीत एक वही. वहीत मालिकेतल्या चुका, क्रमांक घालून.

"हे ते दार नाही," डॉक्टराच्या दारापुढे फुल्विया म्हणाली.

"हेच आहे. नवा रंग दिलाय."

"त्या दाराला पितळी कडी आहे, आणि डावीकडे. मी प्रत्येक भाग तीनदा पाहिलाय, बाई. तुम्ही कितीदा?"

"मोजलं नाही," नीवेस म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

फुल्वियानं फोन काढून चित्र पुढे धरलं. काही खोट सापडते का बघावं म्हणून नीवेसनं चष्मा लावला. दार योलेचंच होतं. पण नीवेस दाराकडे बघतच नव्हती. दाराला टेकून एक काळी सायकल उभी होती. तिच्या सीटवर तपकिरी मेणकापडाचं ठिगळ होतं आणि त्याला कडेनं लाल दोऱ्याचे लांब टाके. तो दोरा नीवेसनंच आणून दिला होता. काळा आण म्हणून आईनं पाठवलं होतं आणि तिनं लाल आणला, म्हणून बोलणी खाल्ली होती.

"ही सायकल कुणाची?" तिनं विचारलं.

"मालिकावाल्यांनी जुन्या बाजारातून घेतली म्हणे, गंज आवडला म्हणून. पण चूक क्रमांक चौदा बघा." फुल्वियानं चित्र मोठं केलं. "मागच्या चाकाचं गोल कुलूप. कडी करवतीनं मधोमध कापलीय, अर्धी अजून तशीच लटकतेय. आता मला सांगा, दुकान असलेली बाई कापलेलं कुलूप घेऊन गावभर फिरेल?"

"कुलूप लावलेलं नसतं, तर कडी कापावी लागली असती?" नीवेस म्हणाली.

"कशाला कापतील? सायकलवाल्या तुम्ही, आणि मला विचारता?"

नीवेसनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. कडी कापलेलीच होती. इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला सायकलशिवाय काही हाताशी नव्हतं. "चला," ती म्हणाली, "खरं दार दाखवते." आणि अडुसष्ट वर्षांची बाई दगडी फरशीवरून अशी सुटली की फुल्वियाच्या नवऱ्यानं त्या सहलीत पहिल्यांदाच तोंड उघडून "अहो, हळू" म्हटलं.

योलेनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना पीठ होतं. आतून भोपळ्याच्या सारणाचा वास येत होता. "फोटो काढा, पण पायरीवर बसू नका," ती सवयीनं म्हणाली. मग तिनं वर पाहिलं.

"डॉक्टरानं हाकललं वाटतं," ती म्हणाली.

"तू कुलूप लावलं होतंस," नीवेस म्हणाली.

"हो."

"मी आत्ता पाहिलं. कडी कापलीय. माझंच चुकलं, योले."

योले हाताचं पीठ चोळत राहिली. "मालिकावाल्यांनी सायकल दारात आणून ठेवली, तेव्हाच मी ओळखली. मी ती मागून घेणार होते. म्हटलं, नको, आधी टीव्हीवर दिसू दे, नीवेस बघेल आणि येईल. दर गुरुवारी दाखवतात. दोन वर्षं झाली. तू गावभर त्याच मालिकेच्या जागा दाखवत हिंडतेस. मला वाटलं, हिनं बघितलं आणि तरीही आली नाही."

नीवेसनं चष्मा काढला. "मी बघितलीच नाही गं. एकही भाग नाही."

"एकही नाही?" मागून फुल्विया म्हणाली. तिनं भाड्याचे पैसे आगाऊ दिले होते.

योले आधी हसली, मग तिनं डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीला कशीबशी टेकवलेल्या नीवेसच्या सायकलकडे गेलं.

"कुलूप लावलंस?"

नीवेसनं वळून पाहिलं. लावलं नव्हतं. ती घाईनं मागे फिरणार, तोच योले पायरी उतरली, मागच्या चाकाशी वाकली, कडी खटकन बसवली आणि किल्ली काढून बहिणीच्या हातात दिली.

"लावलं," ती म्हणाली. "नीट बघून घे. आता आणखी अकरा वर्षं नाहीत आपल्याकडे."