सुनेला दिलेला दोष

सून कॅलिफोर्नियाच्या वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. कतारमध्ये, त्यांच्या लुसैलच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी मी प्रश्न वाचायचो आणि माझ्या इंग्रजीला हसत ती उत्तरं द्यायची. तिला इथल्याच ऑफिसात बढतीसाठी ही परीक्षा हवी, असं मुलाने मला सांगितलं होतं.

एकदा मध्येच तिने विचारलं, "बाबा, आम्ही अमेरिकेला गेल्यावर नाशिकच्या घरी एकटे राहाल ना नीट?"

मी मुलाकडे पाहिलं.

"निकाल लागला की सांगणारच होतो," तो म्हणाला.

ती चपापली. मला सगळं ठाऊक आहे, असंच तिला वाटत होतं.

नातेवाइकांना मात्र मी आजवर सांगत आलो, की सुनेने मुलगा तोडला. पोटच्या पोराला खोटारडा म्हणायला जीभ रेटली नाही. फसवलं त्याने. तिने निदान विचारलं तरी.