ह्यांचा आवाज आणि पल्लवीचा लॅपटॉप

घरातल्या एका खोलीत दिवसभर आवाज गोळा होत असले, की किस्सेही आपोआप गोळा होतात. रविवारी चर्च सुटलं की बायका मला गाठतात. "सुमनताई, पल्लवीच्या स्टुडिओतलं काहीतरी सांगा ना!" मग मी सांगते. हसण्यासारखं आधी सांगते.

स्टुडिओ म्हणजे राहुरीजवळच्या आमच्या घरातली मागची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. टेबलावर लॅपटॉप, माईक आणि एक छोटा कीबोर्ड. पेटीसारख्या पट्ट्या आणि वर चौकोनी बटणं. त्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. लॅपटॉपमध्ये जो आवाज भराल, तोच त्यातून वाजतो. आमची मुलगी पल्लवी त्यावर सिनेमावाल्यांना आवाज तयार करून देते.

एकदा तिने माझ्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली, ती ताणली, जाड केली, आणि ओरडतच स्वयंपाकघरात आली. "आई, तुझा कुकर भुताच्या सिनेमात लागला!"

हे जेवत होते. हे म्हणजे पल्लवीचे पप्पा. दुधाचा टेम्पो चालवायचे आणि चर्चमध्ये गाणं सुरू करून द्यायचे. घास थांबवून म्हणाले, "बरं झालं. आता भात कच्चा ऱ्हायला तर भुताला इचारू!"

* * *

मग ह्यांचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना पल्लवी म्हणाली, "पप्पा, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज भरून ठेवू. एकेक सूर. मग चर्चमध्ये कीबोर्डवर तुम्ही तुमच्याच आवाजात गाणं धराल."

सकाळी थोडा वेळ त्यांचा घसा मोकळा असायचा, म्हणून तेव्हा बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग सुरू झालं आणि पल्लवीला हेडफोनमध्ये पंख्याची घरघर ऐकू आली. "पप्पा, थांबा हं जरा!" म्हणत ती बटणाकडे धावली.

"थांबलोय की! मी कुठं चाललोय?"

पंखा बंद झाला. आता नुसता लांब 'आ' लावायचा होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाणं न्हाई, शब्द न्हाई, नुसता आ? डाक्टरम्होरं बसल्यावानी वाटतंय!"

मी हसले. पल्लवी लॅपटॉपकडे तोंड करून बसली, ती बराच वेळ वळली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यात ताल चुकू नये म्हणून टिक्-टिक् वाजत असते. हे दोन ओळी गायले आणि हेडफोन काढला.

"ह्यो मधी मधी कोण ठोकतोय?"

"पप्पा, तो ताल दाखवतो. त्याच्याबरोबर जायचं."

"चर्चमधी म्हाताऱ्या हायेत, पोरी. वळ संपली की त्यांचा दम जमंपर्यंत मी थांबतो. ह्याला सांग थांबायला!"

पल्लवीने टिक्-टिक् बंद केली.

* * *

लॅपटॉपमध्ये सूर सरळ करायचीही सोय असते. ह्यांचा आवाज बसका, कुठे कुठे थरथरायचा. पल्लवीने एक गाणं मन लावून सरळ केलं. एकही सूर हलत नव्हता. आम्हा दोघांना समोर बसवून तिने ते ऐकवलं.

ह्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मान डोलावली.

"चांगला गातो! कोण हाय?"

तिने सगळं होतं तसं परत करून ठेवलं.

* * *

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ती कापाकापी करत बसली होती. स्वच्छ सूर एका बाजूला. खोकला, मधली बडबड, मला मारलेल्या हाका दुसऱ्या बाजूला. त्या फोल्डरला तिने नाव दिलं होतं 'कचरा'.

"मग टाकून का देत नाहीस?" मी विचारलं.

"आई, आमच्या कामात कोणी काही टाकत नाही. कधी काय लागेल, सांगता येत नाही."

* * *

हे दवाखान्यातून घरी आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी आणि खडू. पल्लवीने कीबोर्ड समोर ठेवला. ह्यांनी एक पट्टी दाबली. त्यांचाच 'आ' निघाला, स्वच्छ आणि लांब. बोट उचलेपर्यंत तो थांबेना. बोट तसंच ठेवून हे ऐकत राहिले. मग उचललं आणि पाटीवर लिहिलं, 'छान आहे. पण हा दम घेत नाही.'

कीबोर्ड चर्चमध्ये गेला नाही. हे रविवारी शेवटच्या बाकावर बसायला लागले. घरी काही हवं असलं की टाळी वाजवायचे. दिवसच्या दिवस घरात टाळीशिवाय त्यांचं काही ऐकू यायचं नाही. पुढे पुढे टाळ्याही कमी झाल्या.

* * *

एका दुपारी पल्लवीने त्या चौकोनी बटणांवर काहीतरी चढवलं, कीबोर्ड ह्यांच्या पलंगाशी ठेवला आणि मला काही न सांगता दळण आणायला गेली.

मी भांडी घासत होते.

"सुमन, चहा टाक!"

"आत्ताच तर झाला!" मी म्हटलं. आणि हातातलं पातेलं मोरीत पडलं.

आतून खोकला. मग परत, "सुमन, चहा टाक!"

मी हात पुसले. गॅस पेटवला, आधण ठेवलं, साखर घातली.

"झालं का गं?"

"होतंय!" मी चहाची पत्ती टाकली. "थांबा की जरा!"

आत बटणांची टकटक झाली. हे शोधत होते. मग आवाज आला,

"थांबलोय की! मी कुठं चाललोय?"