कुंदाताईचा क्रॉसओव्हर

फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील. मी नुकताच ऑफिसात येऊन बसलो होतो. "भैया, दीदी दरवाजा नहीं खोल रही हैं..." रायपुरातल्याच गुढियारीहून कुंदाताईची शेजारीण बोलत होती. मी 'आता येतो' म्हणालो आणि फोन ठेवून समोरचं पत्र शेवटपर्यंत वाचून त्यावर सही केली. पत्रात काय होतं ते आठवत नाही, सही केली तेवढं आठवतं. पोहोचलो तोवर लोकांनी दार तोडलं होतं. ताई पलंगावर कुशीवर झोपलेली होती, चष्मा घडी करून उशीशी ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, पहाटे कधीतरी. मी मान हलवली. आता हा रडेल म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उठून पंखा बंद केला. या गोष्टीला आता दीड महिना झाला, आणि मी अजून रडलेलो नाही. लिहून पाहावं, एवढंच मनात आहे.

कुंदाताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. ते अचानक गेले तेव्हा त्यांच्या जागी ताईला रेल्वेच्याच टेलिफोन दुरुस्तीच्या खात्यात घेतलं. पहिलं वर्षभर तिला नुसतं रजिस्टर लिहायला बसवलं होतं. पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने कोपऱ्यात पडलेला एक मुका ॲम्प्लिफायर उघडला आणि सुट्टी संपायच्या आत बोलता केला. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत सोल्डरिंग आयर्न तिच्या हातातून सुटलं नाही. मला तिनेच शिकवलं, माझं लग्नही तिनेच लावलं. स्वतःचं केलं नाही. 'काहून?' असं मी एकदाच विचारलं होतं, त्यावर 'वेळ नाही भेटला' म्हणून ती हसली होती.

माझी बायको सुनंदा आणि ताई यांचं मात्र बिनसलं होतं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा कुणी किती करायचं यावरून शब्दाला शब्द वाढला आणि सुनंदा बोलून गेली, "तुमचं काय ताई, तुम्हाले ना घर ना संसार." आईचं सगळं ताईनेच केलं. पण त्यानंतर सोळा वर्षं ती शंकर नगरच्या आमच्या घरी पाहुण्यासारखी आली, चहा घेऊन गेली. सुनंदानेही कधी विषय काढला नाही. मी दोघींच्या मधे होतो आणि गप्प होतो. ते मला सोयीचं होतं, हेही आता लिहून टाकतो.

मागच्या वर्षी आमच्या बुद्धविहाराची साफसफाई निघाली, तेव्हा कमिटीने जुनी साउंड सिस्टिम भंगारात द्यायची ठरवली. माणसाच्या कमरेइतके दोन मोठे खोके, त्यावरचे हॉर्न आणि त्या सगळ्यांच्या मधे बसणारा एक लोखंडी डबा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर. ताईने मला तो समजावून सांगितला होता. माइकचा आवाज त्यात जातो आणि तीन वाटांनी बाहेर पडतो. जाडा आवाज मोठ्या खोक्याला, मधला मधल्या स्पीकरला, बारीक आवाज हॉर्नला. प्रत्येकाचा ॲम्प्लिफायर वेगळा. कुठला आवाज कुठे तोडायचा आणि कुणाला किती द्यायचा, ते डब्याच्या तोंडावरच्या बटणांनी ठरतं. "बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द मागच्या बाईपर्यंत गेला पाहिजे," ताई म्हणाली, "नुसतं धडधड करून काय होते?" ती ऑटो करून सगळं सामान घरी घेऊन आली. तिच्या दोन खोल्यांपैकी एक त्यानेच भरली.

दुरुस्तीला दोन महिने लागले. आतले कंडेन्सर वाळून गेले होते, त्यामुळे डबा चालू केला की नुसती घरघर. ते सगळे तिने बदलले. बटणं फिरवली की खरखर व्हायची, ती उघडून साफ केली. हॉर्नच्या वाटेची एक आयसी, म्हणजे चिप, मेली होती, तशी मिळाली नाही, तर तिने जवळची बसवली आणि तिच्याभोवतीचे दोन-तीन पार्ट बदलले. पहिल्यांदा चालू करताना डब्याला तिने हॉर्न जोडलाच नाही, त्याच्या जागी एक फुटका जुना स्पीकर जोडला. "काही चुकलं असंन तर याले जळू दे." काही जळलं नाही. त्या दिवशी तिने शेजारच्या चार घरी पोहे पाठवले.

खरी पंचाईत पुढे आली. एका रविवारी तिने मला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि मोबाईलमधून शिट्टीसारखा एक सूर सोडला. तो हळूहळू बारीक होत वर जाणार होता. ऐकू येईल तोवर दोघांनी बोट वर ठेवायचं. सूर चढत गेला... माझं बोट वरच होतं आणि तिचं खाली आलं. मला वाटलं, ती माझी गंमत करते आहे.

"मले इथून पुढं काहीच येत नाही, प्रकाश," ती म्हणाली. "उमर झाली. हात चालते, डोळे चालते, कान नाही चालत. मी बटण फिरवीन, तू ऐकून सांगजो."

मग दर रविवारी चार वाजता मी गुढियारीला जाऊ लागलो. खरं सांगायचं तर कंटाळत जायचो. ती एकच वंदना पुन्हा पुन्हा लावायची, बटण केसभर फिरवायची आणि विचारायची, "आता?" मी सांगायचो, "अजून थोडा वाढव." कधी मधेच माझा मोबाईल वाजायचा, कधी मला क्रिकेटची मॅच आठवायची. शेवटी एका रविवारी मी म्हणालो, "बस, एकदम बरोबर आहे." तिने बटणाजवळ पेन्सिलीने खूण केली.

बुद्धपौर्णिमेला सिस्टिम विहारात लागली. भाषण सुरू झालं आणि मला तर छान वाटलं. पण पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर कानावर घेतला. एक लेकरू रडायला लागलं. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे कान फुटून राहिले!" ताई भिंतीशी उभी होती. तिला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं, ती लोकांच्या तोंडांकडे पाहत होती. ती डब्याजवळ गेली, हॉर्नचं बटण थोडं खाली केलं, वळून लोकांकडे पाहिलं, आणखी थोडं खाली केलं. म्हातारीने पदर काढला तेव्हा ती थांबली.

घरी जाताना मी मान वर करू शकलो नाही. ताईनेच विचारलं, "त्या दिवशी घाई होती का तुले?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"हव. काही नाही होत. पुढच्या रविवारी येजो."

मी गेलो. सिस्टिम परत तिच्या घरी आली होती, आणि त्यानंतरचा एकही रविवार मी चुकवला नाही. आता मी डोळे मिटून, मन लावून ऐकायचो. ती विचारायची, मी सांगायचो, ती मान हलवायची. चारेक महिने असे गेले. आमच्या त्या तासाभरात गप्पा फारशा होत नसत. ती शेवटी मुरमुऱ्याचा चिवडा पुढे करायची आणि मी निघायचो. शेवटच्या रविवारीही एवढंच झालं. वेगळं काही आठवावं म्हणून मी खूप डोकं चालवलं, पण काही नाही.

ताईच्या जलदानाच्या विधीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी तिच्या टेबलाचे खण आवरत होतो. एका वहीत तिने प्रत्येक वेळचं सेटिंग लिहून ठेवलं होतं. बुद्धपौर्णिमेनंतरच्या पानांवर दोन रकाने होते. एकावर 'प्रकाश, रविवार'. दुसऱ्यावर 'सुनंदा, बुधवार'. रविवारच्या प्रत्येक आकड्यापुढे बुधवारचा वेगळा आकडा, आणि बुधवारच्या आकड्याभोवती गोल केलेला.

सुनंदा आत भांडी विसळत होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिने हात पुसले.

"मी येत होती," ती म्हणाली. "दर बुधवारी, दुपारची. पौर्णिमेनंतर त्यांनी फोन केला होता. म्हणे, प्रकाशचेही कान गेले, वरचा सूर येत नाही त्याले, त्याच्या ध्यानात नाही आलं. तू ऐकून देशीन का?"

माझे कान... शिट्टीच्या वेळी माझं बोट ताईच्या नंतर खाली आलं होतं खरं. पण त्याच्या वरही किती होतं, ते मला कळणार कसं?

"मग मला दर रविवारी काहून बोलवत होती?"

"मीबी विचारलं. तर म्हणे, त्याले सांगू नको, तो यायचा बंद होईन."

मग मी विचारलं, "आईच्या वेळच्या त्या बोलण्याची माफी मागितली का तू?"

"दोनदा सुरू केलं होतं," सुनंदा म्हणाली. "त्या म्हणत, चूप बस, सूर चालू आहे..." मग ती परत भांड्यांकडे वळली. नळ बराच वेळ तसाच चालू होता.

मी ती वही घेऊन ताईच्या खोलीत बसलो. वाईट वाटायला हवं होतं, राग यायला हवा होता, निदान लाज तरी. छातीत काहीतरी जड ठेवल्यासारखं झालं आणि तसंच राहिलं. अजून आहे.

सिस्टिम आता विहारात असते. डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे. मागच्या आठवड्यात कार्यक्रम होता म्हणून आम्ही दोघं तासभर आधी गेलो. जोडणी मी केली, वहीत पाहून. सुनंदा शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी जाऊन उभी राहिली. मी वंदना लावली आणि हॉर्नच्या बटणावर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"थोडा खाली," ती तिथून म्हणाली. मी केसभर फिरवलं.

"अजून... बस."

मला दोन्ही वेळचा आवाज सारखाच वाटला. मी बटणावरून हात काढून घेतला.