भ आणि म

गावच्या वाचनालयाच्या वेबसाइटसाठी मी हौसेने एक नाजूक, वळणदार फॉन्ट निवडला होता. चाळिशीनंतर वाचायला शिकलेल्या शेवंतामावशी मोबाइलवर वाचू लागल्या, "सभासदांनी अर्ज मरावा..." आणि थबकल्या. त्या फॉन्टमध्ये भ आणि म यांत केसाएवढाच फरक होता.

"वाचायला विसरले गं मी," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही नाही मावशी, चूक माझी आहे."

वाचणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी, असलं देखणेपण काय कामाचं? मी त्याच दुपारी साधा, ठळक, मोकळा फॉन्ट घातला. अध्यक्ष म्हणाले, "आधीचा छान दिसायचा." मी बधले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी अख्खं पान न अडखळता वाचलं आणि म्हणाल्या, "शेवटच्या ओळीत 'वाचनालय'चा काना राहिलाय गं."

खरंच राहिला होता.