गोबरगॅस आणि एका घरातल्या दोन चुली

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही मला तुमचं नवं घर फिरवून दाखवलंत. अजून एकही खुर्ची आलेली नाही. मग विचारलंत, "आजी, निसर्गाला जपणारं घर कसं लावायचं? तू सांगशील का?" सामान आणून झाल्यावर सल्ला देऊन उपयोग नसतो, म्हणून आजच लिहायला बसले. माझ्याजवळ सल्ले थोडे आहेत. ते ज्यातून मिळाले ती हकीकत मात्र सविस्तर सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तुमचे आजोबा फौजेत असेपर्यंत मी मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात राहिले होते आणि तिथेच शाळेत इंग्रजी शिकवत होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीजवळच्या आमच्या गावी राहायला गेलो. साताऱ्यात माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती. गावच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूवर काजळी होती. उसाचं पाचट, तुरीच्या काट्या आणि शेणी यांवर तिथली चूल चालायची. धूर छपराला लागायचा आणि तिथून खाली माझ्या सासूबाईंच्या छातीत उतरायचा. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. भाकरी थापताना त्या इतक्या खोकायच्या की परातीतलं पीठ उडायचं.

घरात बैल होते, म्हशी होत्या, शेणाला तोटा नव्हता. आजोबांनी गोबरगॅसची टाकी बांधायला काढली. शेण पाण्यात कालवून एका बाजूने ओतायचं, दुसऱ्या बाजूने मळी बाहेर येते ती उसाला घालायची, आणि मध्ये साठणाऱ्या गॅसने लोखंडी झाकण वर उचललं जातं. तिथून नळी थेट शेगडीला. घराला संडासही तेव्हाच बांधत होतो. त्याचा पाईपही ह्याच टाकीत सोडायचा असं ठरलं. हे आत्याबाईंनी ऐकलं.

"म्हंजे त्या संडासातलं माझ्या भाकरीखाली?"

"खाली न्हाई, आई. ते टाकीत ऱ्हातं. शेगडीत येतो तो नुसता गॅस."

"आनि गॅस कशातनं येतो?"

आजोबांनी फौजेत मोठमोठ्या साहेबांना उत्तरं दिली होती. इथे मात्र त्यांनी टोपी सारखी केली आणि गोठ्याकडे निघून गेले.

शेगडी पेटली त्या दिवशी आत्याबाईंनी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली तीन दगड मांडले. "तुमी खावा, सुखानं खावा. त्या शेगडीवरचं मी तोंडात घालायची न्हाई." मग रोज स्वतःपुरती भाकरी त्या तिथे करू लागल्या.

आता इथलं तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या भागात चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. मग रानाची वाटणी, बांधावरची भांडणं, सगळं ओघाने येतं. सासरे लवकर गेले होते. आत्याबाईंनी तीन मुलगे वाढवले, धाकटे दोघे मुंबईला नोकरीला लागले, तरी जमीन एकत्र होती आणि चूल एक होती. गावात त्यांची मान ताठ असे ती एवढ्या एका गोष्टीवर. आणि आता त्यांच्याच हाताने घरात दुसरी चूल पेटली होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी आत माझं काम करत राहिले. भिंती खरवडून पांढरा चुना दिला. मोडलेल्या बैलगाडीच्या फळ्या गावच्या सुताराकडून रंधून घेतल्या आणि त्यांची भांड्यांची मांडणी केली. नवं लाकूड आणावं लागलं नाही. मोरीचं पाणी चर काढून परसात नेलं, तिथे अळू आणि केळी लावल्या. फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या तर घरात होतच होत्या, उरलेल्या चिंध्या मी पुसायला शिवून ठेवल्या. स्वयंपाकघर इतकं छान झालं की शेजारणी बघायला येत. पण मी पोळी लाटायला घेतली की पत्र्याखालून खोकल्याचा आवाज यायचा आणि माझं लक्ष उडायचं. मी रोज बोलवायची. त्या रोज म्हणायच्या, "तुझं चालू दे, पोरी." तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. सुट्टीला आली की ती आत आमटी जेवायची आणि बाहेर आजीचा झुणका. तिच्या एकटीच्या तब्येतीला दोन चुली मानवल्या.

असा उन्हाळा गेला आणि बेंदूर आला. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. बैल धुऊन, शिंगं रंगवून त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. आठवडाभर झड लागली होती, पाचट भिजून चिंब झालेलं. आत्याबाई पत्र्याखाली फुंकून फुंकून दमल्या. धुराने डोळे लाल आणि हरभऱ्याची डाळ मात्र टणक. नैवेद्य मीच करणार, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

एवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेली शेजारीण भिजत आली. सणाला ताटं एकमेकांकडे द्यायची पद्धत होती. ती आधी पत्र्याखाली बघत उभी राहिली, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"काकी, ताट कुठल्या चुलीला देऊ? का दोन आनू?"

"दोन कशाला?"

"आवं, समदा गाव म्हणतोय, थोरल्या घराची वाटणी झाली. दिवाळीला मुंबईचं दोघं आलं की रानाचं बी व्हईल म्हणं."

"कोन म्हणतंय? तुजी सासू म्हणत आसंल. तिला जाऊन सांग, ह्या घरात चूल एकच हाय."

"मग ह्यो धूर कसला?"

"पानी तापवतीया."

शेजारणीने वाकून पातेल्यात पाहिलं. "डाळीचं पानी व्हय?"

मी दारातून हे ऐकत होते आणि हसू दाबत होते. आत्याबाईंनी पदराची दोन टोकं हातांना गुंडाळली, पातेलं उचललं आणि तशाच भर पावसात अंगण ओलांडून आत आल्या. पातेलं शेगडीवर ठेवलं.

"पेटीव."

मी पेटवली. निळी ज्योत लागली. त्या वाकून बघत राहिल्या. ही शेगडी त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

"धूर?"

"नाही येत, आत्याबाई."

"निवद आदी बैलास्नी. शेन त्यांचं, गॅस त्यांचा, पयला घास त्यांचा. मग आपून."

"बरं."

"आनि ते दुसरं..." त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात शेजारीण कान देऊन उभी होतीच. "ते काय परक्याचं न्हाई. घरातलंच हाय."

बैलांनी पुरणपोळी खाल्ली, मग आत्याबाई आमच्या पंगतीत बसून जेवल्या. पत्र्याखालच्या चुलीवर त्यानंतर फक्त आंघोळीचं पाणी तापलं. दिवाळीला मुंबईचे दोघे आले तेव्हा आईचा खोकला कुठे गेला म्हणून विचारू लागले. रानाचा विषय कुणी काढला नाही.

पुढे तर त्या टाकीच्या मालकीणच झाल्या. सकाळी उठून झाकण किती वर आलंय ते बघायच्या. खाली असलं की मला दटावायच्या, "काल शेन कमी पडलं गं." एकदा दूरचे पाहुणे उठून तांब्या घेऊन रानाकडे निघाले, तर आत्याबाईंनी त्यांना अंगणात अडवलं. "रानात कशाला जातासा, पाव्हनं? हितं सोय हाय. आमच्या गॅसला बी तेवढीच मदत." पाहुण्यांना दुपारचा चहा जरा जडच गेला.

तुमच्याकडे गोठा नाही, तेव्हा टाकी बांधा असं मी सांगणार नाही. जुनं लाकूड मिळालं तर नवं घेऊ नका. वापरलेलं पाणी झाडाला जाईल अशी नळी काढा. फडकी शिवा, विकत आणू नका. आणि घरात एखादी नवी पद्धत आणाल तेव्हा ज्याला तिच्यावर रोज जेवायचंय त्याला जरा वेळ द्या. तुमच्या आजोबांना घाई होती. मला नव्हती, कारण घाई करून आत्याबाई ऐकणाऱ्या नव्हत्या.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जमिनीची वाटणी त्यांच्या पश्चात झाली, शांतपणे. टाकीचं झाकण गंजलं म्हणून बदललं. गोठ्यात बैल राहिले नाहीत, दोन म्हशी आहेत, त्यामुळे गॅस चहा आणि एका वेळच्या भाकरीपुरता येतो. बेंदरासाठी तो आदल्या दिवशी साठवून ठेवतात, आणि तिन्ही भावांच्या घरांचं पुरण अजून त्याच एका शेगडीवर शिजतं.