पटावरचा सर्जन

रविवार, ११ फेब्रुवारी १९७९. सकाळी साडेदहा. आर्वीजवळच्या एका गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरला होता आणि माझ्या सर्जन मित्राने शर्यतीत स्वतः जोडी हाकण्याचे ठरवले होते. त्याच्या दवाखान्यात रोग्यांना भूल देणारा डॉक्टर मी.

बैल त्याचेच. ते सांभाळणाऱ्या शेतकऱ्याने शेवटचे सांगून पाहिले.

"डॉक्टरसाहेब, पोट फाडनं अलग अन् जोडी हाकनं अलग. तुमी मांडवात बसा, चहा प्या."

"तुह्यं पोट फाडलं तवा मले कोनी अडवलं नाई."

"म्या त बेहोश होतो ना जी!"

माणसे हसली. कासरा मित्राच्या हातात आला. ज्याने जीव वाचवला त्याला नाही म्हणणे शेतकऱ्याला जमले नसावे.

मित्राला गर्विष्ठ म्हणणे अन्यायाचे होईल. वीज गेलेली असताना, टॉर्चच्या उजेडात त्याने कित्येक रोग्यांची फाटलेली आतडी शिवली होती, आणि ते रोगी आपल्या पायांनी घरी गेले होते. 'जमेल' हा त्याचा शब्द वर्षानुवर्षे खरा ठरत आला होता. तो दवाखान्याबाहेरही खरा ठरेल, असे त्याला वाटले.

कासरा निसटू नये म्हणून त्याने तो तर्जनीभोवती दोनदा गुंडाळला. खोल जखमेत गाठ मारताना सर्जन दोरा घेतात, तसा. दोरा उलट ओढत नाही. बैल ओढतात. जोडी सुटली. अर्ध्या वाटेवर डावा बैल बाहेर फुटला, छकडा कलंडला, आणि तो कासऱ्यासकट फरफटत गेला.

दुपारी तो स्वतःच्याच टेबलावर होता. काखेत सुई देऊन मी त्याचा उजवा हात बधिर केला. त्याच्या हाताखाली तयार झालेला तरुण सर्जन जखम उघडून थांबला.

"बोल ना."

"सर, तर्जनी राहत नाही."

"नीट बघ. जोडता येईल."

"सर, रक्तच नाही तिच्यात."

त्याने मान वळवून स्वतः पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "काढ."

पट्टी बांधून होताच आवाज पूर्ववत झाला. "उद्याचा हर्निया पुढे ढकलू नकोस. डावा हात आहे, हा पोरगा मदतीला आहे. जमेल."

मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. हर्नियाचा रोगी खाटेवर बसून बायकोच्या भाकरीकडे पाहत होता.

"सकाळी किती वाजता नेता जी?"

"उद्या नाही."

"काऊन?"

"डॉक्टरांच्या हाताला लागलं आहे. तुम्हाला वर्ध्याला पाठवू. आता जेवून घ्या."

तो बायकोकडे पाहू लागला. मी खाटेला अडकवलेली 'उपाशी'ची पाटी काढून घेतली.