पंपाचा आवाज

हॉस्पिटलातून घरी आल्यावर ह्यांनी काल पहिल्यांदाच आमच्या पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करायला घेतला. ह्यांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश, आणि त्याच्या पाइपातून गाळ ओढणाऱ्या पंपापाशी मी. ओढ कमी पडली तर गाळ नुसताच ढवळला जातो, जास्त झाली तर ब्रश तळाला चिकटून बसतो.

"थोडा बंद कर गं," हे ओरडले. मी व्हॉल्व्हची मूठ फिरवली, पण कान ह्यांच्या श्वासाकडे.

हल्ली मी घरभर असंच ऐकत फिरते. न्हाणीघरातलं पाणी थांबलं की दार वाजवते. हे चिडतात. दाराबाहेरून ती शांतता कशी ऐकू येते, ते ह्यांना कुठे ठाऊक! नुसतं ऐकून का कुणाला राखता येतं? तरी ऐकत राहते.

एकदम पंप खरखरला. पाइपात हवा शिरली होती. आवाज बदलला की आधी बटण बंद करायचं, नाहीतर कोरडा चालून पंप जळतो, असं ह्यांनी शंभरदा बजावलंय. बटण माझ्या हाताशीच होतं. मी मात्र धावत तलावाला वळसा घातला आणि ह्यांचा दंड घट्ट धरला.

"अगं, पंप!" हे म्हणाले.

पंप पलीकडे कोरडाच ओरडत होता. माझा हात काही सुटेना.